तांबेसाहेबांचं विधेयक

तांबेसाहेबांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. मी तेव्हा कामोठ्याच्या आमच्या सोसायटीची नवी नवी सेक्रेटरी. पाण्याची टाकी धुवायची होती म्हणून जिन्याशेजारच्या फळ्यावर नोटीस लावली, ‘उद्या पाणी येणार नाही. सर्वांनी सहकार्य करावे.’ संध्याकाळी बघते तर नोटिशीवर लाल शाईचा नुसता सडा! ‘उद्या’खाली रेघ आणि बाजूला बारीक अक्षरात, ‘नोटीस कोणत्या दिवशी लावली हे वाचणाऱ्यास कसे कळावे?’ ‘सहकार्य’भोवती गोल आणि पुढे, ‘म्हणजे नेमके काय करावे? न केल्यास काय?’ खाली सही, प्र. गो. तांबे, पाचवा मजला. माझं डोकंच फिरलं.

माझा पोळीभाजीचे डबे द्यायचा धंदा आहे. कणकेचे हात तसेच घेऊन मी वर गेले. दार उघडलं ते इस्त्रीच्या शर्टातल्या, सत्तरीकडे झुकलेल्या, काळ्यासावळ्या गृहस्थांनी. ते म्हणाले, “बसा.” मी म्हटलं, “बसायला नाही आले.” त्यावर ते शांतपणे म्हणाले, “मग उभ्याने ऐका. तुमची नोटीस वाईट नाही, सेक्रेटरीबाई. तिच्यातून कोणीही सुटू शकतो, एवढंच.” मी भांडायला गेले होते आणि अर्ध्या तासाने चहा पिऊन, नोटीस पुन्हा लिहून खाली आले. त्या दिवसापासून सोसायटीची एकही नोटीस त्यांना दाखवल्याशिवाय मी लावली नाही.

साहेब मंत्रालयात कायद्यांचे मसुदे लिहिणाऱ्या शाखेत आयुष्यभर होते. मंत्री येत जात, हे तिथेच. चिपळूणकडच्या एका गावातल्या बौद्धवाडीतून मुंबईला शिकायला आलेला हा माणूस. भिंतीवरच्या फळीवर घटनेची प्रत, तिच्यावर कधी धूळ नसायची. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. वैशाखी पौर्णिमेला स्वतः खीर करून प्रत्येक मजल्यावर वाटायचे आणि त्या खिरीत वेलची इतकी घालायचे की माझा नवरा म्हणायचा, “साहेबांनी आज काढा पाठवलाय.” घरात ते आणि त्यांची एकुलती एक मुलगी वैशाली, दोघंच.

नियम वाचायची त्यांची एक रीत होती. कुठलाही नियम समोर आला की म्हणायचे, “हे वाक्य वाईट माणसाच्या हातात देऊन बघा. चांगल्या माणसाला कायदा लागतोच कुठे?” आम्ही ठराव केला होता, बाहेरच्या गाड्या आत घ्यायच्या नाहीत. साहेबांनी तो परत पाठवला. म्हणाले, “उद्या आपले चेअरमन डॉक्टरची गाडी गेटवर अडवतील आणि हाच कागद दाखवतील.” चेअरमन खैरनार समोरच बसले होते. त्यांना राग यायला हवा होता, पण ते खूश होऊन हसले. खैरनारांना गेटवर कोणाला तरी अडवायची भारी हौस. माणूस तसा कामाचा, कोणाकडे मयत झालं तर सगळ्यात आधी धावणारा, पण अंगात ताकद आणि डोक्यात टाइमपास.

साहेब कायद्याला एवढे का चिकटून असायचे, ते मला एकदाच कळलं. मी सहज म्हटलं होतं, “काय साहेब, कागदानं कुठं काय बदलतं?” त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. मग सांगितलं. ते लहान असताना गावातल्या देवळातली समई हरवली. संशय त्यांच्या वडिलांवर. कारण काय, तर त्या संध्याकाळी ते त्या वाटेने गेले होते. गावाने त्यांना चावडीच्या खांबाला बांधलं आणि ज्याला त्याला वाटेल तसं मारलं. समई नंतर गुरवाच्याच घरात सापडली. साहेब म्हणाले, “कोणी माफी मागितली नाही. मागायची कोणी? सगळ्यांनी मिळून मारलं होतं ना! त्याला गावकी म्हणतात, बाई. तिला ना कलम असतं, ना अपील. आम्ही तिथून पळालो ते लिहिलेल्या कायद्याच्या आधाराने. माझ्यासाठी तो नुसता कागद नाही.”

मी मान खाली घालून डाळ निवडत बसले.

वैशालीचं मला उशिरा कळलं. ऐरोलीला एका मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरवर कामाला होती, हुशार, गोड, ‘काकू, आज मेथी आहे का?’ म्हणून खिडकीतून हाक मारणारी. मग ती दिसेनाशी झाली. दिसली की गालफडं बसलेली, ओठ सुकलेले. मला वाटलं, कावीळ. एक दिवस साहेब माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, माझी मुलगी पावडर घेते.” एवढंच. मी गॅस बंद केला. या माणसाला रडताना मी पहिल्यांदा बघितलं, तेही आवाज न करता.

ऑफिसातल्या जागरणांपायी कोणीतरी तिला एमडी नावाची नशेची पावडर दिली होती. पहिल्यांदा फुकट. मग सवय. साहेबांनी तिला पनवेलच्या बाजूला एका व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. आणि दुसरीकडे, पावडर विकणाऱ्यांना पकडून द्यायचं म्हणून खेटे घालायला लागले. ज्या पानटपरीवरून पुड्या यायच्या ती त्यांनी स्वतः शोधून काढली. तक्रार दिली. टपरी उठली आणि चार दुकानं सोडून पुन्हा लागली. पुन्हा तक्रार. पोलीस ठाण्यात साहेबांना सांगण्यात आलं, “काका, वर हात आहेत. तुमी वयस्कर माणूस, कशाला टेन्शन घेता?” त्या दिवशी साहेब घरी आले ते वेगळेच होऊन आले. म्हणाले, “कायदा आहे हो. चांगला कडक आहे. मी तो पाठ म्हणून दाखवतो. पण तो हातात धरायला माणूस नाही.”

नेमकं त्याच सुमाराला त्यांच्याकडे एक आमदार आले. आमच्या भागातले नव्हेत, लांबचे. त्यांना अधिवेशनात एक अशासकीय विधेयक मांडायचं होतं, म्हणजे सरकारने नव्हे, एका आमदाराने आपल्या नावावर मांडायचं. कल्पना अशी की अमली पदार्थांच्या टोळ्यांना पोलीस पुरे पडत नाहीत, तेव्हा नागरिकांच्या पथकांना आणि खासगी सुरक्षा कंपन्यांना सरकारनेच परवाना द्यावा. त्यांनी संशयिताला अडवावं, झडती घ्यावी, माल जप्त करावा. जप्त मालमत्तेत त्यांना हिस्साही मिळावा. मसुदा लिहायला या खात्यातला जुना जाणकार हवा होता.

खरं सांगते, मला वाटलं साहेब त्यांना हाकलून देतील. केंद्राचा कायदा असताना राज्याचा असा कायदा टिकत नाही, राष्ट्रपतींच्या संमतीपर्यंत जावं लागतं, हे तेच मला समजावत होते. पण त्यांनी काम घेतलं. हिस्स्याचं कलम तेवढं काढायला लावलं. “पैसा घातला की टोळ्यांच्या जागी टोळ्या येतील,” म्हणाले. बाकी सगळं लिहिलं. रोज दुपारी कागद घेऊन माझ्याकडे यायचे, मी पोळ्या लाटायची आणि ते वाचून दाखवायचे. त्यांचा आवाज तरुण झाला होता. मुलगी केंद्रात, घर रिकामं, आणि हा माणूस एखाद्या लग्नघरासारखा गडबडीत.

एकदा शेवटचं कलम वाचलं. ‘या अधिनियमानुसार सद्भावनेने केलेल्या कोणत्याही कृतीबद्दल कोणत्याही व्यक्तीविरुद्ध कारवाई करता येणार नाही.’ मी लाटणं थांबवलं. म्हटलं, “म्हणजे चुकून भलत्यालाच बडवला तरी माफ?”

“असं नाही. सद्भावनेने, असं लिहिलंय.”

“बडवणाऱ्याची सद्भावना कळणार कशी?”

“हे कलम प्रत्येक कायद्यात असतं, बाई. मी शंभरदा लिहिलंय.” आणि ते पुढचं वाचायला लागले. तुम्हीच नेहमी वाईट माणसाच्या हातात देऊन बघता ना, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांनी रक्त दिसत होतं. मी मनाशी म्हटलं, असू दे.

खैरनारांच्या आग्रहावरून साहेबांनी तो मसुदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये वाचला. आजवर मीटिंगला दहा माणसं यायची मारामार, त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. प्रत्येकाच्या घरात वयात आलेलं पोर, प्रत्येकाच्या पोटात भीती. साहेबांनी बजावून सांगितलं, “हा मसुदा आहे. विधानसभेत मांडला जाईल, चर्चा होईल, कदाचित पडेलही. राजपत्रात छापून येईपर्यंत याची किंमत शून्य.” सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी खैरनारांनी त्याची प्रत फळ्यावर लावली आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकली, वर लिहिलं, ‘आपल्या तांबेसाहेबांचा कायदा.’ आठवड्याभरात खैरनार आणि दोघं जण गेटवर आळीपाळीने बसायला लागले. डिलिव्हरीवाल्यांच्या पिशव्या उघडायला लागले. मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “जरा जास्त करतात, पण बसलेत म्हणून टपरी तरी इकडे सरकली नाही.”

मग वैशाली घरी आली. वजन वाढलेलं, हसू थोडं परतलेलं. केंद्रातून तिला सांगितलं होतं की दर आठवड्याला बाहेर पडलेल्यांच्या बैठकीला जायचं, तिथे सगळे जुने व्यसनी एकमेकांना धरून असतात. साहेबांनी साफ नकार दिला. “त्याच लोकांत पुन्हा? अजिबात नाही. घरी बस, पुस्तकं वाच, मी आहे.” मुलीने वाद घातला नाही. पण दर रविवारी दुपारी ती खाली उतरायची, पाठच्या बाजूच्या कट्ट्यावर एका माणसाशी तासभर बोलायची आणि वर यायची. चाळिशीचा, हडकुळा, पुढचे दात किडलेले. जाताना तिच्या हातात काहीतरी ठेवून जायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाली, “काकू, बाबांना नका सांगू ना. चांगला माणूस आहे.” आता असं वाक्य ऐकून कोणाला धीर येणार? मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पण मनात धाकधूक होतीच. गेटवरच्या मंडळींच्याही नजरेतून तो सुटला नव्हता.

त्या रविवारी साहेब डबा परत द्यायला माझ्याकडे आले होते. मी त्यांना गरम पोळी वाढली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडून खैरनारांचा आवाज मलासुद्धा ऐकू येत होता, “साहेब, धरला! तोच तो, तुमच्या वैशालीला भेटायला येतो तो. खिशात पांढरी पुडी हाय. काय करू?”

साहेबांनी घास खाली ठेवला. पाठ सरळ केली. इतक्या वर्षांत ऑफिसात फोनवर कसे बोलत असतील ते मला तेव्हा दिसलं. “वाजवी संशय आहे. कलम सहाखाली ताब्यात घ्या. झडती दोन साक्षीदारांसमक्ष. पोलिसांना कळवा आणि ते येईपर्यंत बाहेर सोडू नका.” फोन ठेवला. पोळीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, “सापडला एक.”

मी विचारलं, “साहेब, कलम सहा कुठलं?”

“आपलं.”

“आपलं म्हणजे? ते पास झालं?”

त्यांचा हात ताटातच राहिला. माझ्याकडे बघत राहिले. पस्तीस वर्षं जो माणूस मंत्र्यांना सांगत आला की विधेयक म्हणजे कायदा नव्हे, त्याने आत्ता माझ्या घरात बसून, स्वतःच लिहिलेल्या, कुठेही मंजूर न झालेल्या कागदावरून हुकूम दिला होता. लिहिता लिहिता त्यांच्या डोक्यात तो कायदा झालाच होता. ते उठले आणि अनवाणी जिन्याकडे पळाले. लिफ्टची वाट बघितली नाही. मी मागून.

खाली मीटररूमपाशी गर्दी. काय झालं ते मागून कळलं. त्याला आत कोंडत होते. त्याने दार अडवायला हात घातला आणि खैरनारांनी ते लोखंडी दार अंगाच्या जोराने ओढलं. उजवं मनगट चौकटीत सापडलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा तो जमिनीवर बसून हात पोटाशी धरून होता, तोंडावर मार, शर्ट फाटलेला. ओरडतही नव्हता. मान हलवत एकच वाक्य म्हणत होता, “ग्लुकोज हाय, दादा. ग्लुकोज हाय ते.” खैरनारांच्या हातात पुडी होती आणि ते हसऱ्या चेहऱ्याने साहेबांकडे बघत होते, शाबासकी घ्यायला. तो हसरा चेहरा मी आजही विसरले नाही, कारण त्यात वाईट काहीच नव्हतं.

तेवढ्यात वैशाली गर्दीत घुसली. “संतोषदादा!” म्हणून किंचाळली आणि त्याच्याजवळ बसली.

तो तळवलीचा संतोष. पावणे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर कामाला. स्वतः बरीच वर्षं नशेत घालवून बाहेर पडलेला, आणि आता नव्याने बाहेर पडलेल्यांचा हात धरणारा. केंद्राने वैशालीला त्याच्याकडे सोपवलं होतं. जीव तडफडायला लागला की ती त्याला फोन करायची आणि तो मशीन बंद करून बोलत राहायचा. बापाने तिला बैठकीला जाऊ दिलं नाही, म्हणून तो सुट्टीच्या दिवशी स्वतः एवढ्या लांब यायचा. हात थरथरायला लागले की पाण्यातून घ्यायला ग्लुकोजच्या पुड्या बांधून आणायचा. हे सगळं तिने रडत, ओरडत, तिथल्या तिथे सांगितलं. मग साहेबांकडे वळली.

“बाबा, यांना कोणी सांगितलं?”

खैरनार म्हणाले, “अगं पोरी, आमी तुझ्यासाठीच केलं. साहेबांनीच फोनवर—”

“मी सांगितलं,” साहेब म्हणाले.

रिक्षा आली. संतोषला घेऊन ती गेली आणि साहेब आत बसायला लागले तर तिने रिक्षावाल्याला सांगितलं, “चला.” त्या रात्री ती घणसोलीला मावशीकडे गेली. नंतर आली ती फक्त कपडे न्यायला.

मनगटाची हाडं चुरली होती. ऑपरेशन झालं, पण बोटं पूर्ण मिटेनात. लेथवर काम करणाऱ्याची बोटं मिटत नसतील तर त्याने करायचं काय? आमच्या कमिटीची बैठक भरली. एकमताने ठरत आलं होतं की माणूस घाईत पळताना जिन्यावरून पडला असं सगळ्यांनी सांगायचं. दवाखान्याचा खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा आणि विषय संपवायचा. साहेब एका कोपऱ्यात बसले होते. खैरनार हात जोडून म्हणाले, “साहेब, तुमीच सांगा. आमची सद्भावना होती की नाय? तुमच्याच कायद्यात लिहिलंय.”

“होती,” साहेब म्हणाले. “माझीही होती. माझ्या वडलांना मारणाऱ्यांचीसुद्धा असेल. त्यांनाही वाटत होतं, समई चोरणाऱ्याला धडा शिकवतोय.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “बाई, मी शिकून सवरून पुन्हा गावकीच लिहिली. चांगल्या टाइपात.”

दुसऱ्या दिवशी ते पोलिसांकडे गेले. तिथे म्हणे त्यांना सांगितलं, “तुमचं नाव कशाला घालता? तुम्ही तर जागेवर नव्हता.” साहेबांनी ऐकलं नाही. पोलिसांसमोरची कबुली पुराव्यात चालत नाही हे त्यांना ठाऊक, म्हणून मॅजिस्ट्रेटसमोर जबाब द्यायची तयारी केली. आणि मग माझ्या दारात आले. म्हणाले, “फोन तुमच्यासमोर आला होता. तुम्ही साक्ष द्यायची.”

मी भडकले. “वेड लागलंय का? तुमच्याविरुद्ध? मी?”

“होय, माझ्याविरुद्ध. खैरनारांनी दार ओढलं, पण हुकूम माझा होता. नुसते ते अडकले तर ती पुन्हा अर्धवट नोटीस होईल, मी तिच्यातून सुटेन.”

“आणि वैशालीचं काय? तुम्ही आत गेलात तर तिला कोण?”

“मी बाहेर राहून तिला काय दिलं, ते तुम्ही बघितलंत,” ते म्हणाले. मला रडू आवरेना. मी दार लावून घेतलं आणि दाराच्या आतून ओरडून सांगितलं की देईन साक्ष, जा आता!

आमदारांच्या सहायकाचा फोन आला तेव्हाही मी तिथे होते. त्या गृहस्थांना ही घटना सोयीचीच वाटली. म्हणाले, बघा, लोक किती त्रासलेत, म्हणूनच तर कायदा हवा. साहेबांनी मसुदा मागे घेतला असं स्वच्छ सांगितलं. पण मसुदा त्यांच्याकडे पोचला होता, आणि विधेयकावर लिहिणाऱ्याचं नाव कुठे असतं? ते आमदारांच्या नावावर पुढे गेलं. पुढे ऐकलं की काढलेलं हिस्स्याचं कलमही परत घातलं. अजून ते कुठेतरी यादीत पडून आहे, नेमकं कुठे ते मला माहीत नाही. साहेबांनी त्याच्याविरुद्ध सगळ्या पक्षांना पत्रं लिहिली, पण उत्तर कोणी पाठवलं नाही.

साहेब मला घेऊन तळवलीला गेले. संतोष ओट्यावर बसला होता, हात गळ्यात. त्याच्या आईने आम्हांला पाणी दिलं. साहेबांनी माफी मागितली, आणि मग वैशालीसाठी हात जोडले. ती पुन्हा घसरली होती. मावशीकडून दोन दिवस गायब होती. साहेब म्हणाले, “तिला सोडू नका. माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नका.”

संतोषने न मिटणाऱ्या बोटांवरून दुसरा हात फिरवला. मग म्हणाला, “साहेब, मी नशेत होतो तवा मना कोनी हात लावला नाय. गटारात परलो तरी लोक बाजूनं जायाची. सुदरलो, इस्त्रीचा शर्ट घातला, तवा मारला. मी तुमचे गेटवर आता येनार नाय. पन पोरीला मी कवा सोरला? काल मीच तिला शोदून आनली. आत झोपलीय. उठवू नका.”

साहेब ओट्यावरून उठले आणि आतल्या बंद दाराकडे बघून परत बसले. उठवलं नाही. आम्ही तसेच परत आलो.

त्यानंतर त्यांनी आमच्या इथला फ्लॅट सोडला. सोसायटीत राहणं तसंही कठीण झालं होतं. ज्यांच्यासाठी खीर घेऊन जिने चढले, ती माणसं लिफ्टमध्ये तोंड फिरवायची. ‘स्वतः तर बुडाला, आम्हांलाही बुडवलं,’ असं ग्रुपवर लिहायची. पनवेलला कोर्टाजवळ एक खोली घेतली. मी डबा पाठवत असे. भाजीत मीठ कमी पडलं तर अजूनही चिठ्ठी यायची, लाल शाईत. मला तेवढंच बरं वाटायचं.

माझ्या साक्षीच्या तारखेला मी कोर्टात गेले. साहेब आरोपींच्या बाकावर, खैरनारांच्या शेजारी. खैरनारांनी मधे पिशवी ठेवली होती. समोरच्या बाजूला संतोष, आणि त्याच्या शेजारी वैशाली. मी जे घडलं ते सांगितलं, फोन, कलम सहा, सगळं. आरोपींच्या वकिलाने विचारलं, “तांबे यांचा हेतू मुलीला वाचवायचा होता, बरोबर?” मी म्हटलं, “हो.” साहेबांनी मान हलवली. मी बरोबर बोलले की चूक, ते मला त्या हलवण्यावरून कळलं नाही.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला पाणी आणून दिलं. वैशाली आमच्यासमोरून गेली. माझ्याकडे बघून “काकू” म्हणाली. त्यांच्याकडे बघितलं नाही आणि संतोषचा हात धरून पायऱ्या उतरली. मला इतका राग आला! म्हटलं, “साहेब, निदान बापाकडे एकदा बघायला काय झालं होतं हिला? मी बोलते तिच्याशी.”

“नका बोलू,” ते म्हणाले. ती गेटबाहेर जाईपर्यंत तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले. “प्रत्येक तारखेला येते ती, बाई. एकदाही चुकली नाही. मी तीन तास समोर बसून तिला बघतो. वजन वाढलंय. हात थरथरत नाहीत.” मग रुमालाने चष्मा पुसत, अगदी हळू आवाजात म्हणाले, “केस जितकी वर्षं चालायची तितकी चालू दे.”